कॅसिनो रिसॉर्ट आलं तर शहापूरचं सोनं होईल?



मागच्या महिन्यात समृद्धी महामार्गामुळे आपल्या तालुक्यात कुठले धंदे वाढतील, यावर एक व्हिडिओ टाकला होता. त्याच्याखाली किन्हवलीच्या एका मित्राने लिहिलं, "सर, गोव्यासारखं एखादं मोठं कॅसिनो रिसॉर्ट खुटघरच्या आसपास आलं ना, तर शहापूर-मुरबाडचं सोनं होईल. सरकारच आडवं येतंय." त्या कमेंटला माझ्या अख्ख्या व्हिडिओपेक्षा जास्त लाइक पडले. हसू आलं, थोडं वाईटही वाटलं. तिथेच दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण विषय दोन ओळींचा नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. आपल्या भागात चांगलं मोठं रिसॉर्ट यावं असं मलाही वाटतं. कॅसिनोवालं नको. आणि कारण फक्त "जुगार वाईट" एवढंच नाही. ते घरी आईने सांगितलंच आहे. माझं कारण धंद्याचं आहे. कॅसिनोचं हॉटेल हे गिऱ्हाईक आत धरून ठेवायला बांधलेलं असतं, आणि आपली दुकानं बाहेर आहेत.

सरकार आडवं येतंय म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा होता, तोसुद्धा १९७६ सालचा. कॅसिनोवर नियंत्रण कसं ठेवायचं, कर किती घ्यायचा, सगळं त्यात लिहिलेलं. पण तो कधी लागूच केला नाही. जवळजवळ सत्तेचाळीस वर्षं कागदावर पडून राहिला. मधेमधे पर्यटनाच्या नावाने कुणीतरी तो बाहेर काढायचा आणि पुन्हा आत जायचा. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्दच करायचं ठरवलं. गंमत बघा, गोवा, दमण आणि दीवचा जुगाराचा कायदाही १९७६ चाच. त्यात १९९२ साली बदल करून पंचतारांकित हॉटेलात मशीनला परवानगी दिली, आणि पुढे पाण्यातल्या बोटींवर टेबलं आली. आज मांडवीत ज्या झगमगत्या बोटी दिसतात त्या तिथून आल्या.

आता पैसा कसा बनतो ते बघू. जत्रेत कापडावर चित्रं मांडून फासे टाकणारा माणूस सगळ्यांनी पाहिलाय. तो कधी हरून घरी गेलेला पाहिलाय का? कॅसिनोतलं रूलेटचं चाक म्हणजे तेच, फक्त एसीमध्ये. युरोपियन चाकावर शून्य धरून ३७ घरं असतात. समजा प्रत्येक घरावर शंभर रुपये लागले, म्हणजे टेबलावर ३,७०० आले. जिंकणाऱ्याला त्याचे शंभर आणि वर ३,५०० मिळतात, म्हणजे ३,६०० गेले. शंभर रुपये घरात. कोण जिंकलं, कोण हरलं, टेबलवाल्याला फरक पडत नाही. लागलेल्या पैशातले साधारण पावणेतीन टक्के त्याचे. तुम्ही म्हणाल, सर, पावणेतीन टक्के म्हणजे किराण्यापेक्षा कमी मार्जिन! बरोबर. पण किराण्यात एक गोणी एकदाच विकली जाते. इथे तेच शंभर रुपये रात्रभर पुन्हा पुन्हा टेबलावर येतात. म्हणून मालकाला एकच गोष्ट लागते, माणूस बसून राहिला पाहिजे.

हे एकदा डोक्यात बसलं की त्या मोठ्या हॉटेलातल्या सुविधांकडे बघायची नजर बदलते. खेळाच्या हॉलमध्ये बहुतेक ठिकाणी घड्याळ नसतं, खिडकी नसते. खोलीतून खाली यायचं तर वाट हॉलवरूनच. जेवण आत, बार आत, गाणी आत, मुलांना खेळायची जागा आत, खरेदी आत. मोठं खेळणाऱ्याला खोली फुकट, जेवण फुकट. गोव्याच्या बोटींवरही प्रवेशाचं पॅकेज असतं, त्यात बुफे आणि पेयं धरलेली असतात. हे औदार्य नाही मित्रांनो, तो टेबलाचा खर्च आहे. आपल्याकडे गिऱ्हाईक बसलं की चहा मागवतो तसाच, फक्त आकडा मोठा.

आता स्वतःला विचारा. शेजारी एवढं मोठं हॉटेल आहे, त्याची खोली आणि जेवण जुगाराच्या पैशावर स्वस्त किंवा फुकट चाललंय. आपल्या नाक्यावरच्या लॉजवाल्याने, मिसळवाल्याने त्याच्याशी भावात कशी बरोबरी करायची? त्याच्याकडे टेबल नाही.

हे मी कल्पनेने सांगत नाहीये. अमेरिकेत ॲटलांटिक सिटी नावाचं समुद्रकाठचं जुनं पर्यटनाचं गाव आहे. पडतीला लागलं होतं, म्हणून कॅसिनोला परवानगी दिली. पहिला कॅसिनो १९७८ मध्ये उघडला. सरकारला कर मिळाला, हजारोंना नोकऱ्या मिळाल्या, हे खरं आहे, नाकारायचं नाही. पण पुढच्या वीसेक वर्षांत कॅसिनोच्या बाहेरची, गावातल्या लोकांची कितीतरी रेस्टॉरंटं बंद पडली. लोक बसमधून उतरायचे, आत जायचे, परत बसमध्ये. पुढे शेजारच्या राज्यांनीही कॅसिनो उघडले, आणि २०१४ या एका वर्षात तिथले चार मोठे कॅसिनो बंद झाले. त्यातलं एक 'रेव्हेल'. सुमारे २४० कोटी डॉलर खर्चून बांधलेलं, एप्रिल २०१२ ला उघडलं आणि सप्टेंबर २०१४ ला कुलूप. दोन वर्षं पाच महिने! आपल्याकडचं साधं मोबाइलचं दुकानसुद्धा याहून जास्त टिकतं.

"पण सिंगापूर?" हा प्रश्न येणारच. येऊ दे. मरिना बे सँड्स २०१० मध्ये उघडलं. पंचावन्न मजल्यांचे तीन मनोरे, वर त्या तिघांना जोडणारी बाग आणि दीडशे मीटरचा तलाव. उघडलं तेव्हा अडीच हजारांच्या आसपास खोल्या होत्या, शिवाय प्रचंड मोठं अधिवेशन केंद्र, संग्रहालय, नाट्यगृह, मॉल. खरंच बघण्यासारखं काम आहे. एकूण बांधकामात कॅसिनोचा कोपरा छोटा, पण निम्म्याहून जास्त कमाई त्या कोपऱ्यातून. मात्र सिंगापूरने आणखी एक गोष्ट केली, ती आपल्याकडचे लोक सांगत नाहीत. परदेशी पाहुण्याला प्रवेश फुकट, आणि स्वतःच्या नागरिकाला दर दिवसाला शंभर डॉलर. २०१९ मध्ये ते वाढवून दीडशे केले, म्हणजे आजच्या हिशोबाने दहा हजार रुपयांच्या आसपास, नुसतं आत पाय टाकायला. शिवाय घरचे लोक अर्ज करून आपल्या माणसाला बंदी घालून घेऊ शकतात. आणि गोवा? तिथे फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांनाच कॅसिनोत जायला मनाई आहे.

मी दुकानदार आहे, मला हे दुकानदारासारखंच दिसतं. एखादा फरसाणवाला स्वतःच्या पोरांना म्हणतोय, आपल्या दुकानातलं काही खायचं नाही. तुम्ही त्याच्याकडून अर्धा किलो घ्याल? सिंगापूरला परदेशातून विमानं भरून माणसं येतात, त्यामुळे ते हे करू शकतात. खुटघरला कोण उतरणार? ठाणे, कल्याण, नाशिक, आणि आपण. माझ्याकडून माल नेणारा एक वडापाववाला मोबाइलवर पत्ते खेळून गाडीचे हप्ते थकवून बसला. चांगला माणूस, हाताला चव आहे. २०२५ मध्ये पैशावरच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने बंदीचा कायदा केला तेव्हा त्याच्या बायकोने मला पेढा दिला होता. त्याला मोबाइलमधून सोडवायचं आणि पंधरा किलोमीटरवर टेबल मांडायचं, हे मला जमत नाही बुवा.

बरं, कॅसिनोशिवाय मोठं हॉटेल चालतच नाही का? याचं उत्तर लांब नाही, दमणमध्ये आहे. (आपल्याकडची मंडळी दमणला का जातात ते मी सांगायला नको.) गोव्यात बोटी चालवणाऱ्या डेल्टा कॉर्पने दमणला २०१४ मध्ये 'द डेल्टिन' उघडलं. १७६ खोल्या, मोठे हॉल, तलाव, स्पा, सगळं, आणि आत कॅसिनोसाठी धरलेली जागा. पण कॅसिनोचा परवाना काही मिळाला नाही. हॉटेल बंद पडलं का? नाही. लग्नं, कंपन्यांच्या बैठका, शनिवार-रविवारचे पाहुणे यांच्यावर उभं आहे. मालकाला टेबल असतं तर जास्त आवडलं असतं, यात शंका नाही. पण आपल्याला मालकाच्या बाजूने नाही, रस्त्याच्या या बाजूने बघायचंय. लग्न म्हटलं की मांडववाला लागतो, फुलं लागतात, मेंदीवाली, फोटोवाला, बस, भटजी लागतात. टेबलाला यातलं काय लागतं? पत्ते आणि वीज. खुद्द लास वेगासच्या स्ट्रिपवरच्या मोठ्या हॉटेलांची निम्म्याहून जास्त कमाई आज खोल्या, खाणं आणि कार्यक्रमांतून येते. वेगासलाच जे उशिरा कळलं ते आपण सुरुवातीलाच शिकू.

म्हणून उद्या कुणी आपल्याकडे रिसॉर्टचं बोललं, तर मी पहिलं विचारेन, खरेदी कुठून करणार? दीडशे खोल्यांचं हॉटेल धरा, निम्म्या खोल्या भरल्या तर ७५. खोलीला दोन चादरी, दोन अभ्रे, दोन टॉवेल, म्हणजे रोजचे ४५० नग धुवायला. ही कल्याणला जाणार की शेणव्यात लॉन्ड्री उभी राहणार? आपल्या भागातली भेंडी परदेशात जाते, ती शेजारच्या हॉटेलच्या भटारखान्यात का जाऊ नये? पण त्यासाठी रोज सकाळी सहाला, एकाच आकाराचा, बिलासकट माल द्यावा लागेल. "आज गाडी बंद आहे" चालणार नाही. आपण तिथेच मार खातो, खोटं कशाला बोलू.

मी स्वतः मार खाल्लाय. काही वर्षांपूर्वी एका रिसॉर्टला टिश्यू, फिनेल, कागदी प्लेट असा माल द्यायचो. नाव घेत नाही. मोठी ऑर्डर म्हणून हरखून गेलो, तोंडी बोलणीवर माल सोडत राहिलो. तीस दिवसांचे नव्वद झाले, मॅनेजर बदलला, नवा म्हणाला मला माहीत नाही. बावीस हजार बुडाले. तेव्हा मला वाटायचं, उद्यम नोंदणी आहे म्हणजे ४५ दिवसांत पैसे देण्याचा कायदा आपल्या बाजूने आहे. तसं नाहीये! तो फायदा माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला. माझ्यासारख्या नुसत्या घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला नाही. पापड करणारा बचत गट, लॉन्ड्रीवाला यांनी नोंदणी केली तर त्यांना आहे. हे लिहून ठेवा.

दुसरा प्रश्न पाण्याचा. भातसा, तानसा, मोडकसागर आपल्या तालुक्यात, नळ मुंबईला, आणि मार्च-एप्रिल लागला की आपल्याच पाड्यांवर टँकर. अशा ठिकाणी दीडशे खोल्या आणि तलाव म्हणजे पाणी कुठून, हे पहिल्या कागदावर हवं. बोअरवेल म्हणाले तर किती, किती खोल, आणि शेजारच्या विहिरीचं काय? सांडपाणी शुद्ध करून बागेला वापरणार का? चांगलं हॉटेल हे सगळं करतं, आणि विचारलं तर दाखवतंही.

तिसरं, नोकऱ्या. "स्थानिकांना प्राधान्य" हे प्रत्येक फलकावर असतं. वॉचमन आणि झाडू म्हणजे प्राधान्य नव्हे. मुरबाड-शहापूरच्या किती पोरापोरींना स्वागतकक्षात, भटारखान्यात, हिशोबाला घेणार, आणि त्यांना शिकवणार कोण?

हे सगळं आठवायला आणखी एक कारण घडलं. परवा आमच्या दुकानात एक ओळखीचे काका आले होते. रस्त्याला लागून त्यांची दोन एकर भाताची जमीन आहे. दलालाने सांगितलं, मोठं रिसॉर्ट येतंय, पुढे कॅसिनोलाही परवानगी मिळणार, आत्ता द्या, नंतर भाव राहणार नाही. काका मला म्हणाले, "तू व्हिडिओ करतोस, तुला कळतं, देऊ का?" मी म्हणालो, काका, कॅसिनोचा कायदाच गेलाय, त्या आशेवर तर भाव लावूच नका. आणि विकण्याआधी भाडेपट्ट्याचं विचारा, म्हणजे जमीन नावावर राहील. बाकी पाण्याचं आणि कोण बांधतंय त्या कंपनीचं नाव, एवढं लेखी मागा.

काकांनी विचारलं. दलाल म्हणाला, साहेबांना विचारून सांगतो. त्याला आज अकरा दिवस झाले. काकांनी यंदाचा राब भाजायची तयारी केलीये.

पुढच्या व्हिडिओत हॉटेलला माल द्यायच्या आधी लिहून घ्यायचा एक पानी करार दाखवतो. किन्हवलीच्या मित्रा, तू नक्की बघ, आणि पटलं नाही तर तसंही लिही.