पाटीवरील नांव आणि ताटांतील अन्न

अलीकडे आपल्याकडील पुष्कळ मुलें शिक्षणासाठीं किंवा नोकरीनिमित्त अमेरिकेस जातात, आणि तेथें भाताची आठवण झाली म्हणजे एखाद्या साध्याशा थाई उपाहारगृहाची वाट धरतात. मोजकीं मेजें, आंतून उखळ-मुसळाचा आवाज, आणि दारावर ‘थाई’ किंवा क्वचित् ‘थाई व लाओ’ अशी पाटी, असें या ठिकाणांचें सामान्य रूप असतें. तेथें जेवावयास बसणाराचें त्या पाटीविषयीं कांहीं कर्तव्य आहे काय, हा प्रश्न प्रथमदर्शनीं हास्यास्पद वाटेल. आमच्या मतें असें कर्तव्य आहे. आणि तें कोणतें, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. लाओस हा मेकाँग नदीच्या कांठचा डोंगराळ देश. लोकवस्ती सुमारें ७५ लाख. इ. स. १३५३ मध्यें फा न्गुम राजानें तेथें ‘लान सांग’, म्हणजे दशलक्ष हत्तींचें, राज्य स्थापिलें. पुढें त्या राज्याचीं शकलें झालीं. १८२८ सालीं सयामच्या सैन्यानें व्हिएन्टिन शहर उद्ध्वस्त केलें व हजारों लाओ कुटुंबें नदीपलीकडे नेऊन वसविलीं. १८९३ च्या तहानें नदीचा पूर्व तीर फ्रेंचांकडे गेला, आणि पश्चिम तीरावरील लाओ लोक सयामचे प्रजाजन राहिले. १९३९ सालीं सयामचें नांव थायलंड झालें. त्या देशाच्या ज्या भागांत हे लोक राहतात त्यास ‘इसान’ म्हणतात. हा शब्द मूळ संस्कृत ‘ईशान’ यापासून आलेला असून आपल्या ‘ईशान्य’ शब्दाचा सख्खा भाऊ आहे. आज लाओ भाषा बोलणारे लोक खुद्द लाओसपेक्षां इसानांतच अधिक आहेत.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे ताटांतील पदार्थांचा उलगडा होतो. कच्च्या पपईची झणझणीत कोशिंबीर थाई लोक ‘सोम ताम’ म्हणून, तर लाओ लोक ‘ताम माक हुंग’ म्हणून ओळखतात. दोन्ही ठिकाणीं पपई, मिरची, लसूण व लिंबू उखळींत ठेचतात. परंतु मध्य थायलंडांत तींत भुईमूग, सुकी कोळंबी व गुळाची गोडी येते, आणि लाओ घरांत मुरविलेल्या मासळीचें ‘पा डेक’ पडतें. ‘लाप’ म्हणजे खिमा, लिंबाचा रस, पुदिना आणि भाजलेल्या तांदळाची भरड यांचें मिश्रण. या सर्वांबरोबर हवा तो चिकट भात. त्याचे तांदूळ कित्येक तास भिजवून, पाण्यांत न उकळतां, बांबूच्या टोपलींत आपल्या मोदकांप्रमाणें वाफेवर शिजवितात. मग बोटांनीं त्याचा लहानसा गोळा करून तोच कालवणांत बुडवावयाचा. लाओ लोक स्वतःस ‘चिकट भाताचीं लेंकरें’ म्हणवितात, यावरून त्या भाताची योग्यता समजावी.

मग पाटीवर ‘थाई’ एवढेंच कां? १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकेच्या विमानांनीं लाओसवर २० लाख टनांहून अधिक दारूगोळा टाकला. १९७५ सालीं राज्यक्रांति झाली, आणि लाखों माणसें मेकाँग ओलांडून थायलंडमधील छावण्यांत व तेथून अमेरिका, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया या देशांत गेलीं. त्यांतील कित्येकांनीं पोटासाठीं उपाहारगृहें काढलीं. गिऱ्हाइकास थायलंड ठाऊक, लाओस कोठें आहे हें ठाऊक नाहीं. सबब पाटी थाई, आणि आपलें खाणें घरच्यापुरतें. सेंग लुआंगराथ या निर्वासित म्हणून आलेल्या बाईंनीं २०१० सालीं व्हर्जिनियांत एक थाई उपाहारगृह चालविण्यास घेतलें, तेव्हां लाओ पदार्थ त्या मागणाऱ्यासच करून देत. मागणारे वाढत गेले; आणि २०१४ सालीं त्यांनीं वॉशिंग्टन शहरांत लाओ जेवणाचें ‘थिप खाओ’ उघडलें. थिप खाओ म्हणजे चिकट भाताची टोपली.

कोणी म्हणेल, ‘जेवणाराचें काम चवीशीं, नांवाची उठाठेव कशास? मिरची आणि पपई हीं दोन्हीं मूळचीं अमेरिका खंडांतलींच ना?’ हें खरें आहे. अन्नावर कोणा एकाचा ताम्रपट नसतो. इसानचा शेतकरी थाई नागरिक आहे आणि सोम तामवर त्याचाही पूर्ण हक्क आहे. पाटी थाई ठेवणारा मालकही लबाड नव्हे. त्यास मुलें पोसावयाचीं असतात. परंतु ज्या लोकांचें अन्न जग आवडीनें खातें, त्यांचें नांव मात्र जगास उच्चारतां येत नाहीं, ही स्थिति न्यायाची नव्हे. दोष असेल तर तो न विचारणाऱ्या जेवणाराचा आहे.

विद्यार्थिमित्रहो, ही गोष्ट परदेशापुरतीच आहे असें समजूं नका. मधल्या सुटींत एखाद्याच्या डब्यांतून सुक्या बोंबलाचा किंवा जवळ्याचा वास आला कीं बाकावर हंशा पिकतो, आणि तो मुलगा उद्यांपासून डबा झांकून खातो. पा डेकचा वासही असाच उग्र असतो. आज डबा लपविणारा मुलगा पुढें आपल्या गांवाचें आणि बोलीचेंही नांव लपवावयास शिकतो. कित्येक वर्षें थाई पाटीआड राहिलेल्या लाओ स्वयंपाकाची कथा याहून फारशी निराळी नाहीं.

तेव्हां अशा ठिकाणीं जाण्याचा योग आल्यास एवढें करावें. हा पदार्थ कोणाकडचा, तुमच्या घरीं त्यास काय म्हणतात, हें वाढणारास आदरानें विचारावें. चिकट भात हातानेंच खावा. तेथें तीच रीत आहे, आणि मराठी माणसास ती शिकवावी लागत नाहीं. पा डेक घातलेली कोशिंबीर एकदां तरी मागून पाहावी. न रुचल्यास ताट निमूटपणें बाजूस सारावें, पण नाक मुरडूं नये. पालकांनीं हा धडा परदेशाची वाट न पाहतां घरच्या पंगतींतच द्यावा; कारण शेजाऱ्याच्या डब्यास जो नांवें ठेवीत नाहीं, तोच पुढें परक्याच्या अन्नाचें नांव विचारूं शकेल.