समुद्रांतील बागेची राखण

कायदा करणें आणि कायदा पाळला जाणें ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीस राजधानींतील एक कागद पुरतो. दुसरीस गांवोगांवचीं माणसें लागतात. रस्त्याकांठचा वृक्ष कोणीं तोडला, तर उरलेला बुंधा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या दृष्टीस पडतो आणि हें कोणीं केलें म्हणून चार लोक विचारपूस करितात. परंतु पाण्याखालीं जें मोडतें त्याची विचारपूस करावयास कोण जाणार? समुद्रांतील प्रवाळांची आज हीच स्थिति झाली आहे. सुटींत सिंधुदुर्ग किल्ला पाहावयास व मालवणच्या समुद्रांत बुडी मारावयास जाणाऱ्या कुटुंबांची संख्या मोठी असल्यामुळें, ह्या विषयाचा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं अवश्य करावा असें वाटतें.

पोवळें म्हटलें म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढें मंगळाच्या अंगठींतील तांबडा खडा येतो. तें पोवळें मुख्यत्वें भूमध्य समुद्रांतलें. येथें अभिप्रेत असलेलीं प्रवाळें निराळीं. हीं दिसावयास दगडासारखीं अथवा झुडपासारखीं दिसतात. परंतु वस्तुतः तीं असंख्य सूक्ष्म प्राण्यांचीं गांवें होत. प्रत्येक प्राणी बहुधा कांहीं मिलिमीटर रुंदीचा. तो आपल्या तळाशीं चुन्याचा थर सांचवितो. त्याच्या शरीरांत अतिसूक्ष्म शैवाल वास करितें, व सूर्यप्रकाशांत तयार केलेल्या अन्नांतला वांटा आपल्या यजमानास देतें. घुमटाच्या आकाराचीं प्रवाळें वर्षांत कांहीं मिलिमीटर, फार तर एक-दोन सेंटिमीटर वाढतात. फांद्यांचीं प्रवाळें त्याहून कांहींशीं जलद वाढतात. वर्षास एक सेंटिमीटर ह्या हिशेबानें घागरीएवढा घुमट होण्यास सुमारें वीस वर्षें लागतील. म्हणजे शाळेंत आज दहावींत बसणाऱ्या मुलाहून तो घुमट वयानें वडील ठरेल! तो मोडावयास मात्र एका पायाचा भार पुरतो.

हीं प्रवाळें केवळ शोभेचीं नव्हेत. जगांतील समुद्रतळाचा शेंकडा एक भागहि प्रवाळांच्या खडकांनीं व्यापलेला नाहीं; तथापि समुद्रांतील सर्व जातींच्या जीवांपैकीं सुमारें चतुर्थांश जीव आयुष्याचा कांहीं ना कांहीं काळ त्यांच्या आश्रयानें राहतात. माशांचीं पिलें तेथें लपतात व वाढतात. मग तींच मोठीं होऊन कोळ्याच्या जाळ्यांत येतात. तेव्हां पाण्याखालचा एक घुमट फुटला, तर किनाऱ्यावरील एका चुलीशीं त्याचा संबंध आहे, हें विसरतां कामा नये.

आपल्या देशांत प्रवाळांचीं मोठीं स्थानें म्हणजे कच्छचें आखात, मन्नारचें आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार हीं होत. महाराष्ट्राच्या वांट्यास आलेला भाग लहान आहे. दूर खोल समुद्रांत, कान्होजी आंग्र्यांच्या नांवानें ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा उंचवटा; आणि किनाऱ्याजवळ, मालवणास, शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं कुरटे बेटावर बांधावयास घेतलेल्या सिंधुदुर्गाच्या भोंवतालचा उथळ खडकाळ समुद्र. ह्याच भागांत १९८७ सालीं मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालें. त्याचें क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. पैकीं किल्ला व पद्मगड ह्यांच्या परिसरांतील सुमारें ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग विशेष संरक्षणाचा गाभा म्हणून ठरविण्यांत आला. पुढें २००१ सालीं खडक रचणारीं प्रवाळें १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचींत घालण्यांत आलीं. ज्या यादींत वाघ आहे, त्याच यादींत प्रवाळ आहे. ह्या अनुसूचींतील प्राण्यासंबंधींच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षें कारावास, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड सांगितला आहे. कायद्याच्या दृष्टीनें पाहतां ह्याहून अधिक कडक संरक्षण तें कोणतें?

परंतु प्रत्यक्षांत काय घडतें तें पाहावें. ज्यास पोहतांहि येत नाहीं अशा पाहुण्यास होडींतून नेतात. मुखवटा व श्वासाची नळी देतात, आणि पांच-दहा मिनिटांची सूचना देऊन पाण्यांत उतरवितात. घाबरला कीं तो पायांखालीं आधार शोधतो, आणि आधार मिळतो तो जिवंत प्रवाळाचा. होडी स्थिर राहावी म्हणून टाकलेला नांगर खडकावर घासत जातो. पाण्यांत सोडलेल्या लोखंडी शिडीचे आघात होतात. पायांच्या फडफडाटानें उडालेली वाळू त्या सूक्ष्म जीवांवर बसते. छायाचित्रांत मासे पुष्कळ यावेत म्हणून कोठें कोठें पावाचे तुकडेहि टाकितात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं मालवणच्या अभयारण्यांत मौजेखातर होणाऱ्या बुड्यांमुळें प्रवाळांची कशी हानि होते, हें तपासून २०२० सालीं प्रसिद्ध केलें आहे. तेव्हां ही केवळ ऐकीव गोष्ट नव्हे.

मग एवढा कडक कायदा निजला कां? ह्याचीं कारणें माझ्या मतें दोन. पहिलें असें कीं, अपराधी सांपडत नाहीं. पाहुणा सकाळीं येतो व संध्याकाळीं परततो. आपण काय मोडलें हें त्याला स्वतःलाहि ठाऊक नसतें. तुरुंगाची शिक्षा वाघ मारणाऱ्या शिकाऱ्यास शोभते. गांगरून प्रवाळावर उभ्या राहिलेल्या गृहस्थास ती कोणी देत नाहीं, व देणें न्याय्यहि नव्हे. अशा रीतीनें शिक्षा फार मोठी असल्यामुळेंच ती कोणासहि होत नाहीं.

दुसरें कारण अधिक खोल आहे. १९८७ सालीं अभयारण्य आलें तेव्हांपासून मालवणच्या मच्छीमारांनीं त्यास विरोध केला. पिढ्यान् पिढ्या ज्या पाण्यांत रापण ओढली तेंच पाणी आपणांस बंद होईल, ही त्यांची भीति होती. त्यांस विश्वासांत घेतल्यावांचून आलेला कायदा त्यांना आपला वाटला नाहीं. आणि समुद्रावर ज्यांचे डोळे अहोरात्र असतात तेच लोक कायद्यापासून दुरावले, तर राखण करावयास उरलें कोण?

ह्या ठिकाणीं मराठ्यांच्या राज्यनीतीचें स्मरण होतें. रामचंद्रपंत अमात्य ह्यांच्या आज्ञापत्रांत आरमारासाठीं लांकूड कसें मिळवावें ह्याविषयीं उपदेश आहे. आंबा-फणसादि झाडें आरमाराच्या उपयोगाचीं खरीं. परंतु तीं वर्षां-दोन वर्षांत वाढत नाहींत, रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें बहुत काळ वाढविलेलीं असतात, म्हणून त्यांस हात लावूं नये, आणि एखादें जीर्ण झाड घेणेंच पडलें तर धन्यास राजी करून व द्रव्य देऊन घ्यावें, असा त्याचा आशय आहे. ह्या एका उपदेशांत दोन तत्त्वें आहेत. जें सावकाश वाढतें तें घाईनें तोडूं नये, हें एक. आणि सरकारी काम झालें तरी रयतेस दुखवून तें करूं नये, हें दुसरें. सिंधुदुर्गाच्या भोंवतीं आज ह्या दोन्ही तत्त्वांचा विसर पडला आहे. पर्यटक पहिलें मोडितो, आणि कागदी कायदा दुसरें.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, मासळी कमी झाल्यामुळें अनेक तरुण कोळी पर्यटकांच्या होड्यांवर पोट भरितात. त्यांच्या तोंडचा घास काढावा काय? मुळींच नाहीं. उलट, त्यांचा हा घास पुढें टिकावा म्हणूनच हा खटाटोप. प्रवाळें मेलीं व मासे गेले, तर मुखवटा लावून पाहुणा पाहणार तरी काय? दुसरा आक्षेप असा कीं, समुद्राचें पाणी तापल्यामुळें जगभर प्रवाळें पांढरीं पडून मरत आहेत. २०२४ च्या एप्रिलमध्यें जगव्यापी श्वेतीकरणाची चौथी लाट जाहीर झाली. त्यापुढें एका पर्यटकाचें पाऊल तें किती? हें खरें आहे कीं, समुद्राचा ताप उतरविणें हें मालवणच्या हातीं नाहीं. परंतु ज्वरानें क्षीण झालेल्या रोग्याच्या छातीवर कोणी पाय देत नाहीं. जें आपल्या हातीं नाहीं त्याची सबब सांगून, जो नांगर आपल्या हातीं आहे तो प्रवाळावर टाकणें हा विचार नव्हे, पळवाट आहे.

कायदा पाळला जाऊं शकतो, ह्याचे दाखले परदेशांत आहेत. थायलंडांतील माया बे ही चिमुकली खाडी एका चित्रपटामुळें प्रसिद्धीस आली आणि तेथें दिवसास पांच हजारांपर्यंत माणसें लोटूं लागलीं. प्रवाळांची दुर्दशा पाहून तेथील सरकारनें २०१८ च्या जूनमध्यें खाडी बंद केली. बंदी चार महिन्यांची असावयाची होती. ती तीन वर्षांहून अधिक काळ राहिली. ह्या अवधींत काळ्या टोंकांच्या परांचे लहान शार्क मासे खाडींत परत आले. २०२२ च्या जानेवारींत ती पुन्हां उघडली, तेव्हां होड्यांस खाडींत येण्यास मनाई, येणाऱ्यांच्या संख्येस मर्यादा आणि पोहण्यास बंदी असे नियम घातले गेले. बंदी घालावयास धैर्य लागतें. परंतु उघडतांना नियम सैल न होऊं देण्यास त्याहून अधिक लागतें.

प्रशांत महासागरांतील पलाऊ हें राष्ट्र लोकसंख्येनें आपल्या एखाद्या तालुक्याच्या गांवाएवढें. तेथें २०१७ च्या डिसेंबरपासून प्रत्येक पाहुण्याच्या पासपोर्टावर एक प्रतिज्ञा छापितात, आणि तीवर सही केल्यावांचून त्यास प्रवेश मिळत नाहीं. ही प्रतिज्ञा पलाऊच्या मुलांना उद्देशून आहे. तिची रचना करण्यांत तेथील मुलांचें साह्य घेतलें गेलें. तुमच्या घराची नासाडी करणार नाहीं, असें वचन परदेशचा प्रौढ मनुष्य तेथील बालकांस देतो! विद्यार्थी मित्रांनीं ह्या गोष्टीचें मनन करावें. कायद्याचें खरें बळ कोठें असतें, हें त्या लहान राष्ट्रानें ओळखलें आहे.

तेव्हां मालवणास काय व्हावें, ह्याविषयीं माझें म्हणणें थोडक्यांत असें. कायद्याचा पहिला भार दुबळ्या कोळ्यावर नव्हे, तर धंद्याच्या परवान्यावर पडावा. ज्याच्या होडींतून पाहुणा उतरला त्या धंद्याचा मालक पाहुण्याच्या वर्तनास जबाबदार धरावा. पहिल्या चुकीस लहान पण निश्चित दंड, आणि पुनःपुन्हां चूक झाल्यास परवाना रद्द. मोठी शिक्षा कागदावर असण्यापेक्षां लहान शिक्षा खरोखर होणें हें अधिक गुणकारी. नांगर टाकण्यास बंदी करून कायमचे तरंगते बोये बसवावे व होड्या त्यांसच बांधाव्या. एका स्थळीं एका वेळीं किती माणसें उतरावीं ह्याची संख्या ठरवावी. प्रवाळाजवळ जाण्यापूर्वीं प्रत्येकास वाळूच्या तळावर पाण्यांत तरंगावयाचा सराव द्यावा. तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची पाणबुडीविद्या शिकविणारी संस्था आहे, तिनें स्थानिक तरुणांस राखणदारीचेंहि शिक्षण द्यावें. आणि पाहुण्यांकडून घेतलेल्या शुल्काचा वांटा मच्छीमारांच्या संस्थांस देऊन राखणीचें काम त्यांजकडे सोंपवावें. ज्याला बागेचें फळ मिळतें तोच कुंपणाकडे लक्ष देतो.

पालकांसहि दोन शब्द. होडींत बसण्यापूर्वीं आपण भाड्याची घासाघीस करितां. त्याबरोबर नांगर कोठें टाकणार, हेंहि विचारीत जा. गिऱ्हाईक विचारूं लागलें कीं धंदा सुधारतो. तसेंच, किनाऱ्यावरील दुकानांतून वाळलेलें प्रवाळ अथवा समुद्रपंखा दिवाणखान्यासाठीं विकत घेऊं नका; तो शोभेचा पदार्थ नसून गुन्ह्याचा पुरावा आहे.

बायबलाच्या पहिल्याच पुस्तकांत, मनुष्यास एदेन बागेंत कशासाठीं ठेविलें हें सांगितलें आहे. तेथें त्याचें काम बागेची मशागत व राखण हें होतें. तीं फळें व तीं झाडें त्याला उपभोगासाठीं मिळालीं खरीं, परंतु बाग त्याच्या मालकीची झाली नाहीं. समुद्राच्या तळची बाग तर आपण लाविलेलीहि नाहीं. मग तेथें पाहुण्याच्या मर्यादेनें जाणें हेंच आपणांस शोभतें.

विद्यार्थी मित्रहो, कायदा करणें तुमच्या हातीं नाहीं; परंतु पलाऊच्या मुलांच्याहि हातीं तो नव्हता. आपल्या शाळेची सहल पुढील खेपेस सिंधुदुर्गास निघेल, तेव्हां निघण्यापूर्वीं वर्गांत एक लहानशी प्रतिज्ञा तुम्हीच लिहा: प्रवाळावर पाय ठेवणार नाहीं, त्यास हात लावणार नाहीं, पाण्यांत कांहीं टाकणार नाहीं, तेथून कांहीं आणणार नाहीं. तीवर सर्वांनीं सह्या कराव्या, शिक्षकांनींहि कराव्या; आणि होडींत चढतांना ती होडीवाल्यास वाचून दाखवावी. मालवणचा तो कोळी कदाचित् प्रथम हंसेल. परंतु आपल्या समुद्राविषयीं कोणी त्याच्याशीं आदरानें बोललें, ह्याचा त्यास संतोषच होईल, आणि त्या दिवशीं तरी तो आपला नांगर जपून टाकील.