वादळ चुकलं म्हणून दुकान बंद करणारा मूर्ख ठरत नाही

दुकान कसं उघडायचं, पहिलं गिऱ्हाईक कसं आणायचं, यावर आपण भरपूर बोलतो. दुकान बंद कधी करायचं, यावर मात्र कोणी बोलत नाही. व्हिडिओत या मुद्द्याला वेळ कमी पडला, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. उदाहरण घेऊया अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या टँपा शहराचं.

ऑक्टोबर २०२४ मधली गोष्ट. हरिकेन म्हणजे आपलं चक्रीवादळच, तिकडे त्याला हरिकेन म्हणतात. ५ तारखेला, शनिवारी, मेक्सिकोच्या आखातात 'मिल्टन' नावाचं वादळ तयार झालं. सोमवारपर्यंत ते पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीत गेलं होतं. वाऱ्याचा वेग तासाला सुमारे २९० किलोमीटर. आणि रोख टँपाकडे! या शहराला इतक्या मोठ्या वादळाचा थेट तडाखा बसला होता तो १९२१ साली, त्यामुळे आजच्या दुकानदारांपैकी कोणालाच त्याचा अनुभव नव्हता. त्यात दोनच आठवड्यांपूर्वी 'हेलीन' वादळाचं पाणी खाडीकाठच्या घरांत आणि दुकानांत शिरून गेलेलं. भिजलेल्या गाद्या, फ्रीज, फर्निचर अजून रस्त्याकडेला पडून होतं. वाऱ्यात तेच उडून लोकांना लागेल म्हणून रात्रंदिवस कचरा उचलणं चालू होतं. महापौर जेन कॅस्टर यांनी टीव्हीवर आडपडदा न ठेवता सांगितलं, की रिकामे करायला सांगितलेले भाग जे सोडणार नाहीत ते मरतील.

आता अशा शहरात तुमचं छोटं किराणा किंवा हार्डवेअरचं दुकान आहे असं समजा. पाण्याच्या बाटल्या, बॅटऱ्या, प्लायवूड, दोरी, सगळं हातोहात जातंय. वादळाच्या आदल्या दिवशी गल्ला दिवाळीसारखा भरतो. मग मनात येतं, अजून दोन तास उघडं ठेवू. मग अजून दोन. आपल्या धंद्याच्या क्लासमधून "आपत्तीत संधी शोधा" हे वाक्य इतकं घोकून घेतलंय, की इथे शटर ओढायला हातच धजत नाही.

पण काउंटरवरच्या पोराचं काय? त्याचंही घर आहे, घरात म्हातारी आई आहे, कदाचित ते घरही रिकामं करायच्या भागातच आहे. टँपातून बाहेर पडणारे रस्ते गाड्यांनी तुंबले होते, पंपांवर पेट्रोल संपत होतं. तुम्ही बुधवारी दुपारी त्याला "जा आता" म्हणालात, तर तो जाणार कुठे? माझं मत स्पष्ट आहे. दुकान बंद करायची वेळ वाऱ्यावरून ठरवायची नाही, ती शेवटचा कामगार सुरक्षित जागी पोचायला किती वेळ लागतो यावरून ठरवायची. आणि आधी, डोकं थंड असताना, कागदावर लिहून ठरवायची. "आमचा भाग रिकामा करायचा आदेश आला की दोन तासांत शटर खाली, त्या दिवसाचा पगार पूर्ण." बस, एवढं एक वाक्य. गल्ला भरत असताना घेतलेला निर्णय हा निर्णय नसतो हो, तो मोह असतो.

वॉफल हाऊस नावाची हॉटेलांची साखळी तिकडे याच बाबतीत प्रसिद्ध आहे. चोवीस तास उघडी. क्रेग फ्युगेट हे फ्लोरिडाचे आपत्ती व्यवस्थापन अधिकारी होते, २००४ च्या वादळांनंतर त्यांनी गमतीगमतीत एक मोजमाप काढलं. वॉफल हाऊस पूर्ण मेनू देत असेल तर हिरवा, मोजकेच पदार्थ देत असेल तर पिवळा, बंद असेल तर लाल, म्हणजे त्या भागाची हालत फार वाईट. आपले ट्रेनर लोक ही गोष्ट "कधीच बंद न होणारं हॉटेल" म्हणून सांगतात. मला त्यात वेगळंच दिसतं. वीज नसेल आणि गॅस असेल तर काय विकायचं, हे त्यांच्याकडे आधीच लिहिलेलं असतं. स्थानिक माणसं स्वतःच्या घराच्या दुरुस्तीत अडकली तर बाहेरगावहून माणसं आणतात. आणि मिल्टनच्या वेळी त्यांनीही टँपा भागातली हॉटेलं वादळाआधीच बंद केली.

मग झालं काय? बुधवारी, ९ तारखेच्या रात्री, मिल्टन तिसऱ्या श्रेणीत उतरून टँपाच्या सुमारे ७५ किलोमीटर दक्षिणेला सिएस्टा की इथे किनाऱ्यावर आलं. शहर केंद्राच्या उत्तरेला राहिल्यामुळे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहिला, आणि खाडीत पाणी चढण्याऐवजी ओसरलं. ज्या लाटेची भीती होती ती आलीच नाही. शेजारच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये मात्र १८ इंचांहून जास्त पाऊस पडला, तिथल्या स्टेडियमचं छप्पर फाटलं, आणि राज्यभरात तीस लाखांवर ग्राहकांची वीज गेली.

अशा वेळी "उगाच घाबरवलं, दोन दिवसांचा धंदा बुडाला" म्हणणारे भेटतातच. ही भाषा मला धोकादायक वाटते. सोमवारी हातात जी माहिती होती तिच्यावर निर्णय बरोबर होता. वादळ ७५ किलोमीटर वर सरकलं असतं तर हेच लोक दुसरं काही बोलले असते, बोलायला शिल्लक राहिले असते तर. दोन दिवसांचा बुडालेला गल्ला हा तुमच्या धंद्याचा खर्च आहे. भाडं, लाइटबिल, तसाच हा.

विम्याचंही तसंच. अमेरिकेत साधारण घराच्या किंवा दुकानाच्या पॉलिसीत पूर येत नाही, तो वेगळा काढावा लागतो, आणि सरकारी योजनेतली पूर पॉलिसी सहसा ३० दिवसांनी लागू होते. गणित करून बघा. हेलीन २६ सप्टेंबरला आलं. दुसऱ्याच दिवशी शहाणं होऊन कोणी पॉलिसी घेतली असती, तरी मिल्टनला ती उपयोगी पडली नसती.

आपल्या कोकणातल्या मंडळींना यात काही नवीन नाही. ३ जून २०२० ला निसर्ग आलं तेव्हा श्रीवर्धन, दापोलीकडे नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, खांब पडले, आणि कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. वीज नाही म्हणजे फ्रीज नाही, मोबाइल नाही, ऑनलाइन पेमेंट नाही. किती दुकानदारांकडे तेव्हा आठवडाभर पुरेल एवढी रोख आणि उधारीची वही कागदावर होती? बँकेने कर्जाबरोबर काढून दिलेली पॉलिसी आज कपाटातून काढा आणि त्यात वादळ आणि पूर हे दोन्ही शब्द आहेत का बघा. एजंटला फोन करून विचारा, त्याला वाईट वाटत नाही.

आणि दुकान बंद करायचं तुमचं ते एक वाक्य कमेंटमध्ये लिहा. किनाऱ्यावर नसाल तरी नदीकाठी असाल, कोल्हापूर-सांगलीचे असाल, तर पुराच्या पातळीवरून लिहा. निवडक वाक्यं पुढच्या व्हिडिओत घेतो.