हौसेची गाडी घेण्याआधी

रोजची गाडी दारात आहे, हाताशी थोडे पैसे आलेत आणि आता एक गाडी निव्वळ हौसेसाठी घ्यायची आहे. प्रीमियर पद्मिनी की जुन्या बाजारातली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस? या पेचात असाल, तर आधी अश्वशक्तीचे आकडे बाजूला ठेवा. एकीकडे 1089 सीसीचं चाळीसेक अश्वशक्तीचं इंजिन, दुसरीकडे दोन लिटरचं 245 अश्वशक्तीचं टर्बो. त्यात तोलण्यासारखं काही नाही.

2020 साली आपल्याकडे आलेली आरएस 245 साधारण 6.6 सेकंदांत शंभरचा वेग गाठते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींची मर्यादाही शंभरच. म्हणजे टोलनाका सोडल्यावर सातव्या सेकंदाला कायद्यातली मजा आटोपली! पद्मिनीत मात्र पन्नास-साठलाही हातपाय कामात असतात. सकाळी चोक ओढा, स्टिअरिंगलगतच्या दांड्याने गिअर टाका, चढ दिसला की आधीच खालच्या गिअरवर या. गाडी चालवायची हौस असेल तर जुनी गाडीच जास्त देते, असं माझं मत आहे.

पण पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला, की हे मत गुंडाळून ठेवावं लागतं. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. एबीएस नाही, एअरबॅग नाही. साचलेल्या पाण्यातून गेलात की ड्रम ओले होतात आणि ब्रेक हलका दाबत ते सुकवेपर्यंत गाडी नीट थांबत नाही. म्हणून पद्मिनी घ्या, पण पोराबाळांना मागे बसवून भर पावसात द्रुतगती मार्गावर नेऊ नका. तिथे ऑक्टाव्हियाच हवी.

पद्मिनी बघताना रंगाच्या चकाकीला भुलू नका. रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक दरवाजांच्या खालच्या कडेवरून फिरवा. ते चिकटलं नाही तिथे पुट्टी भरलेली असणार. पायाखालचं मॅटिंग उचला. पॉइंट, कार्बोरेटर, क्लच हे जुना मिस्त्री सहज करून देतो. सडलेला पत्रा मात्र खिसा रिकामा करतो. इंजिन आणि चासीचे नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून पाहा. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी झालीय का, विचारा. ‘व्हिंटेज आहे’ असं विकणारा म्हणेल. 2021च्या केंद्रीय नियमांनुसार त्या नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते, शिवाय अशी गाडी रोज वापरता येत नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकातली पद्मिनी त्यात बसत नाही.

आरएस 245 भारतात अवघ्या 200 आल्या, त्याही पूर्ण तयार, परदेशातून. सौदा करण्याआधी बंपर, हेडलाइट आणि गिअरबॉक्सच्या कामाचे दर सर्व्हिस सेंटरला विचारा. टायर पातळ कडेचे आहेत, तेव्हा चाकाची रिम आतल्या बाजूनेही तपासा, खड्ड्यांचे मार तिथे दिसतात. आधीच्या मालकाने इंजिनचा कॉम्प्युटर ‘रीमॅप’ केलाय का, हेही लेखी घ्या, कारण विमा कंपनीला न कळवलेला असा बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येऊ शकतो.

गाडी कोणतीही असो, बघायला जाताना आपला मिस्त्री बरोबर न्या. त्याच्या दिवसाचे पैसे द्या, विकणाऱ्याचा चहा मात्र त्याला पिऊ देऊ नका.