सरासरीचा हिशेब आणि दुसरा शिक्षक



बँकेच्या तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. लहान शाखेत त्यांतील एक रजेवर गेला आणि बदली माणूस वेळेवर आला नाही, की रोकड अडून राहते. अशा शाखेत माणशी खाती किती, ही सरासरी उपयोगाची नसते. ग्रामीण भागात नोकरी करताना जवळच्या वाडीवरील द्विशिक्षकी शाळेतही मला हेच दिसले.

वीसपेक्षा कमी पटाच्या 14,783 शाळा राज्यात आहेत, असे 2023 साली पुढे आले. त्यांत सुमारे 1 लाख 85 हजार मुले आणि 29,707 शिक्षक होते. भागाकार केल्यास एका शिक्षकामागे सहा मुले येतात. आपल्यासारख्या व्यापारी घरांतील माणसाला हा खर्च जड वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु येथे भागाकार मुलांनी नव्हे, इयत्तांनी करावयास हवा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक आणि वर्षाला 200 दिवसांत 800 तास अध्यापन ठरवून दिले आहे. म्हणजे दिवसाला चार तास. चार इयत्ता व दोन शिक्षक असतील, तर प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला शिक्षकाचे दोन तास येतात. एकच शिक्षक उरला, तर एकच तास. उरलेले तीन तास मुलांनी पाटीवर गिरवीत बसावयाचे! निवडणूक, जनगणना, प्रशिक्षण, आजारपण अशा निमित्तांनी दुसरा शिक्षक नेहमीच बाहेर जातो.

शाळा एकत्र करून समूहशाळा काढल्यास इयत्तेला स्वतंत्र शिक्षक मिळतो, हा लाभ खरा आहे. मात्र पहिलीच्या मुलाला भर पावसात ओढा ओलांडावा लागणार असेल आणि वाहनाची हमी नसेल, तर त्याची शाळाच सुटण्याची भीती असते. त्यापेक्षा जवळच्या आठ-दहा शाळांसाठी एक राखीव शिक्षक ठेवणे स्वस्त पडेल.

आपल्या घरांतून शाळांना खोल्या, बाके, संगणक यांसाठी सढळ हाताने देणगी दिली जाते. पुढील वेळी मुख्याध्यापकांना एवढेच विचारावे, 'गुरुजी, आपल्यापैकी एक जण रजेवर असला, की त्याचे वर्ग कोण घेते?' उत्तर समाधानकारक नसेल, तर शाळा व्यवस्थापन समितीशी बोलून गावातीलच एखाद्या अध्यापन पदविकाधारक तरुणीच्या मानधनाचा भार उचलता येईल. त्यावर नामफलक लागणार नाही. मुलांचे तास मात्र बुडणार नाहीत.