श्रेयांक पोरांना, गावाला काय?

गावात जाऊन काम केले की आता पदवीचे श्रेयांक मिळतात. २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने ‘सामुदायिक सहभाग’ आणि ‘क्षेत्र प्रकल्प’ अभ्यासक्रमात बसवले आणि महाविद्यालये कामाला लागली. कसल्या? फायली रंगवण्याच्या! छापील प्रश्नावली, सरपंचांची सही, फलक धरून काढलेला फोटो, वर स्पायरल बाइंडिंग. गुण पडले, विषय संपला.

गावात येऊन अभ्यास करून निघून जाणे जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला नवे नाही. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी येथे उत्खनन केले. सातवाहनकालीन भोगवर्धन, म्हणजे जुने भोकरदन, उजेडात आले, पॉम्पेईच्या हस्तिदंती मूर्तीशी नाते सांगणारी मूर्ती निघाली. पुढच्याच वर्षी अहवाल छापला, तोही इंग्रजीत. संशोधन अव्वल होते, वाद नाही. पण ज्यांच्या पायाखालची माती उकरली, त्यांच्या पदरात काय पडले?

तोच प्रश्न आजही आहे. भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात मिरचीचा भाव कोण ठरवतो, जुई धरण आटले की टँकर कोणत्या वस्तीवर सर्वांत शेवटी पोचतो, हे पोरांनी शोधलेच पाहिजे. मात्र शोधलेले गावाला सांगितलेही पाहिजे. अमेरिकेत स्टोकर आणि ट्रायन यांनी २००९ च्या पुस्तकात विद्यार्थ्यांऐवजी स्थानिक संस्थांनाच बोलते केले. थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांपायी आमचेच श्रम वाढतात, अशी त्या संस्थांची तक्रार निघाली. आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. तिच्या शिबिरांतून काय मिळाले, हे गावाला कोणी विचारले?

प्राध्यापकांच्या जागा रिक्त आहेत, हे खरे. पण अहवाल गावात वाचून दाखवायला पदभरतीची वाट पाहावी लागत नाही. आणि हा आजार एकट्या विद्यापीठांचा नाही. सरकारी खाती, बँका, स्वयंसेवी संस्था सगळेच गावात येऊन विचारतात. सांगायला कोणी परत फिरकत नाही. गावकरी म्हणजे रकाने भरून देणारा माणूस, असा यांचा समज झाला आहे.

कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने एवढेच करावे: अहवाल मराठीत लिहावा, ग्रामसभेत वाचावा, प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी आणि काही गुण गावकऱ्यांच्या हाती द्यावेत. ग्रामसभेत उभे राहून प्रश्नांना उत्तरे देण्याची तयारी नसेल, तर त्या फायलीला श्रेयांक देऊ नयेत. पोरांचेही नुकसान नको आणि गावाचीही फसवणूक नको.