रुमालात बांधलेले गाव

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी आपल्या वह्यांना हळदकुंकू वाहतो. वहीत त्याचे देणेघेणे असते, म्हणून ती पाटावर बसते. गावाच्या वहीला मात्र हा मान कधी मिळाला नाही. सातारा-सांगलीकडच्या गावांनी गेल्या तीनशे वर्षांत कागद काही थोडा लिहिलेला नाही. तो कुठे राहिला आणि कुठे गेला, ही हकीकत ऐकण्याजोगी आहे.

शिवकाळात व पेशवाईत वतनाचा तंटा निघाला की गोत बसे. दोन्ही पक्षांच्या तकरिरी लिहून घेत, साक्षी होत आणि निकालाचा महजर होई. खाली पाटील नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या हत्याराची. आम्हा मराठी शिकवणाऱ्यांना या कागदांचा मोठा लोभ. कारण भांडणारा माणूस त्यांत बराचसा त्याच्याच बोलीत उतरला आहे. त्यामानाने आजच्या ग्रामपंचायतीचे प्रोसिडिंग बुक उघडून पाहा. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. सभेत खुर्च्या उडालेल्या असोत की डुलक्या चाललेल्या असोत, वहीत शब्द एकच: सर्वानुमते!

जुना कागद टिकला तो काही पूर्वजांच्या इतिहासप्रेमामुळे नव्हे. कुलकर्ण्याचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे, आणि त्या दप्तरातच त्याचा हक्क असे. १८५२ नंतर इनाम कमिशनने पुरावा मागायला सुरुवात केली, तेव्हा कागद म्हणजे जमीन हे सर्वांनाच उमगले. मग असा कागद माणसे लेकरासारखी जपणार नाहीत तर काय? पुढे १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतन गेले, १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी गेली. गेली ते उत्तमच झाले. पण वतनाबरोबर कागदाचा राखणदारही गेला, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. त्याआधीच, १९४८ च्या जाळपोळीत या भागातली कित्येक घरे पेटली होती. त्या घरांत जे दप्तर होते ते घराबरोबरच गेले. जे उरले ते मोडीत, आणि मोडी तर शाळेतून केव्हाच हद्दपार झालेली!

लोकांनी लोकांचा कारभार करावा, याचा या मुलखातला सर्वांत धाडसी प्रयोग औंधचा. सूर्यनमस्कार आणि चित्रसंग्रह यांमुळे ज्यांचे नाव घरोघर माहीत आहे, त्या राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ च्या जानेवारीत स्वराज्याची घटना देऊन आपल्या बहात्तर गावांचा कारभार रयतेच्या हाती सोपवला. घटनेमागे गांधीजींचा सल्ला होता आणि मॉरिस फ्रिडमन नावाच्या पोलिश इंजिनिअरची धडपड होती. निवडलेल्या गावपंचायती बसल्या. तंटे गावातच मिटू लागले. राजाने राज्य वाटून टाकल्याच्या गोष्टी आपण पुराणात वाचतो. ही मात्र आपल्या आजोबांच्या काळातली. १९४८ च्या मार्चमध्ये संस्थान विलीन झाले. १९४९ मध्ये जिल्हा दुभंगून दक्षिण सातारा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. त्यामुळे औंध आज सातारा जिल्ह्यात, तर त्याच संस्थानची आटपाडी आणि कुंडल सांगलीत! त्या पंचायतींचा मागोवा घेणाऱ्याला दोन जिल्हे पालथे घालणे भाग आहे.

याच कुंडलच्या परिसरात १९४३ पासून नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले. त्याच्याही न्यायदान मंडळांपुढे गावोगावचे तंटे आले. परंतु पोलीस मागावर असताना निकालाचा कागद बाळगणार कोण? म्हणून त्या न्यायाची बरीचशी हकीकत कार्यकर्त्यांनी पुढे सांगितलेल्या आठवणींतूनच कळते.

मग आला आपला काळ. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा. ग्रामपंचायतीला नमुना १ पासून ३३ पर्यंत नोंदवह्या. घरपट्टीची आकारणी नमुना ८ मध्ये, तर झाडांची गणती नमुना ३३ मध्ये. लिहिण्यात हयगय नाही. पण वही सर्वांची, म्हणजे कोणाचीच नाही. नवे कार्यालय बांधले की जुन्या वह्या कपाटाच्या खालच्या खणात जातात, आणि कृष्णेचे पाणी गावात शिरले की पहिला भिजतो तो तोच खण. सांगलीकडच्या वाचकांना २०१९ चा महापूर निराळा सांगायला नको.

कागदाची किंमत २०२३ मध्ये एकाएकी वाढली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे यांची समिती बसली आणि जन्ममृत्यूचा जुना गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, गावोगाव बाहेर निघाले. शंभर वर्षांपूर्वी ज्याने 'अमक्यास मुलगा झाला' असे मोडीत खरडले, त्याला त्या ओळीवर पुढे कोणाचे शिक्षण नि नोकरी तोलली जाईल याची कल्पना कुठली? त्याने आपले रोजचे काम केले, इतकेच. आता ती ओळ वाचायला मोडी जाणणारा माणूस शोधत फिरायची वेळ आली. माझ्या वर्गात मोडीचे नाव काढताच जी मुले पूर्वी घड्याळाकडे पाहात, त्यांतली काही आता बाराखडी मागतात.

दिवाळीला गावी जाणारच असाल तर माळ्यावरची गाठोडी एकदा खाली काढा. कापडात बांधलेला कागद निघाला तर त्या कापडाला रुमाल म्हणतात. पेशवे दप्तरातले कागदही रुमालांतच बांधलेले. गाठ जपून सोडा, कागद ज्या क्रमाने असतील त्याच क्रमाने ठेवा. ओल आली असेल तर उन्हात न टाकता सावलीत, वाऱ्यावर पसरा. फाटका असेल तर चिकटपट्टी लावू नका, आणि बाजारात लॅमिनेशन करून देणाऱ्याकडे तर मुळीच नेऊ नका.